खोल पाण्याची मागणी

पाण्याच्या काठावर नोकरी केली म्हणून लोकांना वाटतं, हिचं आयुष्य गारव्यात गेलं. त्यांनी एकदा मे महिन्यात भर दुपारी तलावाच्या कडेच्या फरशीवर उभं राहून बघावं. खालून पाय भाजतात, वरून डोकं तापतं, आणि समोर सगळं गाव पाण्यात डुंबत असताना आपण गळ्यात शिट्टी अडकवून कोरडं उभं राहायचं. आमच्यावर पाण्यात उडी घ्यायची पाळी येते ती कुणी बुडायला लागलं तरच. त्यामुळं मी जितका वेळ कोरडी, तितकं गावाचं बरं चाललंय असं समजायचं.

मी नगरपालिकेच्या जलतरण तलावावर जीवरक्षक होते. गावाचं नाव लिहीत नाही. निवृत्त झाले तरी अजून तिथंच राहायचंय आणि नळाचं पाणीही त्यांच्याकडूनच घ्यायचंय. कराडकडून सांगलीकडे कृष्णेच्या काठाकाठानं येताना जी गावं लागतात त्यांतलं एक, एवढं पुरे. आमच्याकडे तलाव कुणी म्हणत नाही, टँक म्हणतात. मी 'टँकवरच्या बाई'. माघारी पोरं मला नुसतं 'शिट्टी' म्हणायची, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे.

माझं माहेर आटपाडीकडचं. हे कळलं की माणसं हमखास हसतात. जिथं उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी घागरींच्या रांगा लागायच्या, तिथली पोरगी कृष्णाकाठच्या लोकांना पोहायला शिकवायला आली! पण आमच्याकडच्या विहिरी खोल. एका वर्षी पाऊस बरा झाला आणि विहीर भरली, तेव्हा वडिलांनी आम्हा भावंडांना ओळीनं आत ढकललं. कमरेला कासरा बांधलेला, दुसरं टोक त्यांच्या हातात. भावांना ढकललं तसंच मला. काठावर चुलते बसले होते. ते म्हणाले, "पोरीला कशाला रं?" वडील म्हणाले, "इहिरीला कळतंय व्हय, ह्यो पोरगा हाय का पोरगी?" माझी सगळी नोकरी या एका वाक्यावर उभी राहिली असं मी समजते.

इथं लग्न करून आले तर उलटंच. नदी दारात, आणि बायकांना पोहता येत नाही. धुणं धुवायला नदीवर जायच्या, सणावाराला ओटी सोडायला जायच्या, आणि पाणी गुडघ्याच्या वर आलं की माघारी फिरायच्या. पोरं पुलावरून उड्या मारायची आणि पोरी काठावर त्यांचे कपडे सांभाळत उभ्या.

आमच्या कामाबद्दल लोकांचे फार गैरसमज असतात, म्हणून थोडं सांगते. पहिली गोष्ट, बुडणारा माणूस ओरडत नाही. सिनेमात ओरडतो. खऱ्यात नाकातोंडात पाणी जात असताना ओरडणार कशानं? तो गप्प होतो. पन्नास पोरांच्या गलक्यात एक पोर एकाएकी गप्प झालं, मान मागं टाकली, तोंड पाण्याच्या रेषेशी उघडं राहिलं, की शिट्टीबिट्टी वाजवत बसायचं नाही. आणि सरळ उडी मारायचीही घाई करायची नाही. बांबू पोचत असेल तर बांबू पुढं करायचा. नसेल पोचत तर उतरायचं आणि पाठीमागून जायचं. समोरून गेलात तर तो गळ्याला असा विळखा घालतो की दोघंही तळाला. माझ्या नोकरीत माझ्या समोर कुणी बुडून गेलं नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

एकदा बायकांच्या बॅचमध्ये एक बाई कडेचा धरायचा पाइप सोडून खोल बाजूला सरकल्या. त्यांना मी ड्रेसच्या गळ्याला धरून मागच्या मागं ओढत काठावर आणलं. खोकून खोकून पाणी बाहेर पडल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "चारचौघीत असं ओढत्यात व्हय?" दुसऱ्या दिवशी डब्यात पुरणपोळ्या घेऊन आल्या. आभाराचा शब्द नाही. म्हणाल्या, "जास्ती झाल्या हुत्या, टाकून द्यायच्या म्हणून आणल्या." पोळ्या चांगल्या गरम होत्या.

आणि तालमीतला तो पैलवान. अंगानं असा की टँकच्या पायऱ्यांवर उभा राहिला तर मागचं फिल्टरघर दिसायचं नाही. त्याला शिकवत होते पुरुषांच्या बॅचचे आमचे सहकारी, पण त्यांचे हात टेकले तेव्हा त्यांनी मला बोलावलं. पैलवान उथळ बाजूला पाइप घट्ट धरून उभा. पोटावर पालथा व्हायचा, पाय मारायचा, पण पाठीवर तरंगायला सांगितलं की अंग दगडासारखं ताठ. डोक्याखाली हात दिला, कमरेखाली हात दिला, तरी तडफडून उलटा व्हायचा. शेवटी बिचारा म्हणाला, "बाई, ल्हानपणापास्नं एकच शिकलोय, पाठ टेकू द्यायची न्हाई. पाठ टेकली की संपलं. आन् तुमी पयल्याच दिवशी पाठ टाक म्हणताय." मी त्याला पाठीवरचं पोहणं शिकवायचंच सोडून दिलं. पालथा मात्र तो नंतर झकास पोहायला लागला.

बायकांची बॅच दुपारची असायची. सकाळ-संध्याकाळच्या चांगल्या वेळा पुरुषांच्या. कुंपणाला सगळीकडून हिरवी जाळी बांधून घेतली होती, बाहेरून कुणी बघू नये म्हणून. तिच्यामागं आम्ही. कुणी लेगिन्स, कुणी नवऱ्याचा टी-शर्ट, कुणी पंजाबी ड्रेस घालून, त्याची सलवार पाण्यात फुगून घागरीसारखी वर यायची. सुती कपडे चालत नाहीत, धागे फिल्टरमध्ये अडकतात, हे मी रोज ओरडून सांगायची आणि रोज कुणीतरी सुती घालून यायचं. अर्ध्याजणी पोहतच नसत. कमरेएवढ्या पाण्यात पाइप धरून सासवा-सुनांचं बोलत उभ्या राहायच्या. मी त्यांना कधी हाकललं नाही. घरी एवढा वेळ त्यांना कोण उभं राहू देत होतं?

या बॅचमध्ये अक्का आल्या. गाव त्यांना अक्का म्हणतं, मीही तेच म्हणते. लष्करातल्या हवालदाराच्या पत्नी, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, साठी उलटून गेलेली. नातवाची ट्रॅकपँट आणि यजमानांची मिलिटरीची हिरवी बनियन घालून आल्या. मी म्हटलं, "अक्का, बनियन सुती हाय, फिल्टरला चालत न्हाई." तर म्हणाल्या, "हिनं लडाखची थंडी सोसलीया, तुझा फिल्टर हिला काय करतोय!" मी पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा नियम मोडू दिला.

आल्या होत्या त्या पोहायला नव्हे. गुडघे गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाण्यात चाला. माझ्या खांद्यावर भार टाकून एकेक पायरी उतरल्या, प्रत्येक पायरीला 'आई गं'. पाणी कमरेपर्यंत आलं तसा त्यांचा चेहरा बदलला.

"आगं, ग्येलं की!"

"काय ग्येलं, अक्का?"

"दुखणं!"

मग उथळ बाजूच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेल्या, पाइप न धरता, पोरीसारख्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. "मास्तरणी," त्या म्हणाल्या (मला तेव्हापासून त्या मास्तरीणच म्हणतात), "पाण्यात मला गुडगंच न्हाईत बग." त्या दिवशी त्यांना बाहेर काढायला मला शिट्टी वाजवावी लागली.

पुढं त्या पोहायला शिकल्या. फार सावकाश शिकल्या, पण शिकल्या. ज्या दिवशी उथळ आणि खोल यांच्यामधली दोरी ओलांडून खोल बाजूला गेल्या आणि पाठीवर निवांत पडून राहिल्या, त्या दिवशी काठावर येऊन त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. यजमानांची बदली उत्तरेकडं एका छावणीत असताना क्वार्टरच्या मागं टँक होता. साहेबांच्या बायका तिथं पोहायच्या. जवानांच्या बायकांना आत सोडत नसत.

"आमी जाळीतनं बघायचो," अक्का म्हणाल्या. "धुणं वाळत घालायच्या निमतानं. एक सायबीण तर अशी पवायची, जनू मासोळीच. मी हवालदारास्नी म्हनलं, मला बी शिकायचंय. त्ये म्हनलं, येडी का खुळी तू! आता बग म्हनावं."

वर बघून म्हणाल्या, जणू यजमान फिल्टरघराच्या पत्र्यावरच बसले होते.

मग महापूर आला. त्याबद्दल आमच्या भागात कुणाला सांगायला नको. टँक आधीच गळका होता, रोज सकाळी पाण्याची पातळी फरशीच्या एका ओळीनं खाली गेलेली दिसायची. पुरात तो काठोकाठ गाळानं भरला. पाणी ओसरलं, घराघरातला चिखल काढला, दुकानं धुतली, देवळं धुतली, टँकमधला गाळ मात्र तसाच वाळला. दारावर पाटी लागली, 'दुरुस्तीसाठी बंद'. त्या पाटीचा रंगही आता उडालाय. आत बाभळी उगवल्या आहेत. माझ्या नोकरीची उरलेली वर्षं मी जन्म-मृत्यूच्या खिडकीवर काढली. माणसं वाचवायला नेमलेली बाई मृत्यूचे दाखले देत बसली, आणि तिथूनच निवृत्त झाली.

पुरात अक्कांना शेजारच्या माडीवरून होडीत उतरवलं होतं. होडीत गल्लीतल्या बायका, तरण्या सुना, कॉलेजच्या पोरी. होडी जरा कलली की सगळ्या एका बाजूला. "त्या अख्ख्या व्हडीत," अक्का नंतर सांगायच्या, "पवाय येनारी मी येकटी म्हातारी. तरण्याताठ्या पोरी माझ्या गळ्यात पडाय लागल्या. मी कुनाकुनाला धरनार हुते?" चिखल काढता काढताच त्यांनी माझ्याकडं निरोप धाडला की नवीन टँक झाला पाहिजे, तू माझ्याबरोबर उभी राहा.

तेव्हापासून आम्ही मागतो आहोत. नदीत जायची सोय उरली नाही. सगळ्या गावांची गटारं तिच्यात, वर जलपर्णी, आणि आता तर मगरी. काठावर आ करून ऊन खात पडलेल्या असतात. बायकांनी तरी कुठं जायचं? म्हणून निवेदन. निवेदन द्यायचं म्हणजे काय असतं हे ज्यांनी दिलंय त्यांना माहीत आहे. दहाजणींनी आणि पालिकेतल्या साहेबांनी मिळून एकच कागद धरायचा आणि कागदाकडं न बघता कॅमेऱ्याकडं बघायचं. दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात. त्यात कुणाचं तरी डोकं अर्धं कापलेलं असतं आणि तिचा आठवडाभर रुसवा. नगराध्यक्ष म्हणायचे, "मनावर घेतलंय." इतक्या गोष्टी त्यांनी मनावर घेतल्या होत्या की मन दबलं असेल. मुख्याधिकारी बदलून जायचे. नवीन आले की विचारायचे, "कुठला टँक?" मग आम्ही पहिल्यापासून सुरू. पूर, गाळ, बाभळी, मगरी. सांगून सांगून मला ते शाळेतल्या कवितेसारखं पाठ झालं होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीत जीव राहत नाही.

बायका पांगायला लागल्या. म्हणून निवृत्त झाल्यावर मी एक केलं. पाण्यात उतरवण्याआधी हात-पाय बसावेत म्हणून आम्ही शिकणाऱ्याला काठावरच्या बाकावर पालथं झोपवतो आणि कोरड्यातच हात मारायला, पाय मारायला लावतो. हात पुढं, बाजूला, छातीशी. ही आमची बाराखडी. ती मी देवळामागच्या सभागृहात सुरू केली. दुपारी, जुन्याच वेळेला. चार बाक, आठ-दहा बायका. सुरुवातीला हसून हसून पुरेवाट व्हायची. मग सवय झाली. बाकावर पालथ्या पडलेल्या बायका, हवेत हात मारताहेत, आणि मी काठी वाजवून ताल देतेय. कुणी परका आत आला असता तर त्यानं पोलिसांना बोलावलं असतं.

यातूनच आमचं आंदोलन निघालं. कल्पना अक्कांची. "निवेदनं फायलीत जात्यात," त्या म्हणाल्या. "बाकं रस्त्यावं ऱ्हात्यात." मंडपवाल्याकडून बाक आणले, पालिकेच्या दारात आडवे मांडले आणि बायका त्यांवर पालथ्या पडून पोहायला लागल्या. भर बाजाराच्या दिवशी! एसटी थांबली, वडापच्या जीपगाड्या थांबल्या, भाजीवाले गिऱ्हाइकं सोडून आले. मधल्या बाकावर अक्का. त्यांना दोघींनी उचलून ठेवलं होतं, कारण गुडघ्यांनी आता जवळजवळ राजीनामाच दिला होता. पाय हलत नव्हते, हात मात्र असे सफाईनं चालले होते की एक रिक्षावाला म्हणाला, "म्हातारी खरंच पवती रं गड्या!" मी काठी वाजवत होते आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पालिकेच्या दारात हसू येत होतं.

मुख्याधिकारी खाली आले. तरुण होते, नवीन बदलून आलेले, आणि खोटं बोलणारे नव्हते, हे मुद्दाम सांगते. आम्हा चौघी-पाचजणींना वर बोलावलं. अक्कांना खुर्चीत बसवून दोन शिपायांनी जिना चढवला. चहा आला. साहेबांनी गावाचा नकाशा पसरला.

"हे बघा," ते म्हणाले, "मोठ्या तलावाचं मी वचन देत नाही. पण बागेच्या कोपऱ्यात जागा आहे. तिथं छोटा तलाव करता येईल. कमरेएवढं पाणी, हळूहळू उतरत जाणाऱ्या पायऱ्या, धरायला कठडे. ज्येष्ठ महिलांसाठी. हे माझ्या हातात आहे. पुढच्या उन्हाळ्याच्या आत देतो."

खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी अक्कांच्या गुडघ्यांकडं बघत होते. सुजून लाडवासारखे झालेले. हळूहळू उतरणाऱ्या पायऱ्या आणि कमरेएवढं पाणी! अक्कांच्याच मापानं कुणी बेतून आणल्यासारखं.

अक्कांनी विचारलं, "आनि खोल?"

"खोल नंतर बघू."

"नंतर म्हंजी?"

साहेब म्हणाले, "अक्का, स्पष्ट सांगतो. हा झाला की तुमची मागणी पूर्ण झाली असं धरलं जाईल. मोठ्याचा विषय मग संपेल. दोन्ही होणार नाहीत."

अक्कांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली.

"मग नगं," म्हणाल्या.

खोलीत कुणालाच काही कळेना. मला तर नाहीच. मी साहेबांच्या देखत म्हणाले, "अक्का, घ्या की हो. मिळतंय त्ये घ्या. आवं, तुमचं गुडगं बघा."

"बघितल्यात." माझ्याकडं वळल्या. "मास्तरणी, कमरंएवढ्या पाण्यात पवाय शिकतं का कोन? तूच सांग. तुजा धंदा हाय."

मी मान आडवी हलवली.

"आमी म्हाताऱ्या तितं गुडगं शेकत बसू. आनि पोरी? पोरं काय, इहिरीत उड्या मारून शिकत्यात, त्यास्नी कोन आडवत न्हाई. पोरींनी कुठं शिकायचं? पूर आल्यावं?" मग साहेबांकडं बघून अगदी हळू म्हणाल्या, "सायेब, मी तरुनपनी जाळीभायेरनं लय पानी बघितलंय. ह्या पोरींनी बी तसंच बघत बसायचं व्हय? द्याचं तर खोल द्या."

साहेब नकाशाची घडी घालत म्हणाले, "विचार करा. घाई नाही."

"क्येला," अक्का म्हणाल्या, आणि शिपायांना खुर्ची उचलायची खूण केली.

जिन्यातच भांडणं लागली. एकजण म्हणाली, अक्कानं सगळ्यांच्या तोंडचा घास घालवला. दुसरी म्हणाली, हिला काय, फोटोत यायचंय. त्या बरोबर होत्या की नाही हे मी तेव्हा ठरवू शकले नाही, पण मला राग आला होता. फार राग. मी खुर्चीच्या मागून उतरत होते आणि मला त्यांचे ते पाय दिसत होते, एकेका पायरीला हिंदकळणारे. मनात आलं, या बाईला स्वतःच्या शरीराची दया येत नाही, तर मी का घाम गाळायचा? त्यांना घरी पोचवलं आणि चहालाही थांबले नाही. कित्येक आठवडे त्यांच्या गल्लीतून गेले नाही. बाजाराला जायला लांबचा रस्ता धरला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं त्यात फारसं नाही. ते साहेब बदलून गेले. बागेच्या त्या कोपऱ्यात आता रंगीत कारंजं आहे. संध्याकाळी गाण्यावर नाचतं, समोर गावाच्या नावाची मोठी अक्षरं आहेत, लोक त्यांच्यापुढं उभं राहून सेल्फी काढतात. कारंज्याच्या हौदात पाणी घोट्याएवढं. मोठ्या टँकचं निवडणुकीच्या आधी भूमिपूजन झालं. रिबीन बांधलेली कुदळ मारली, नारळ फुटला, आम्हा बायकांना पुढच्या रांगेत बसवलं. त्यानंतर त्या जागेवर दुसरी कुदळ पडली नाही. अजून आम्ही जातो. हल्लीच जाऊन आलो. नवीन साहेबांनी विचारलं, "कुठला टँक?" माझ्या बाजूच्या बाईनं माझ्याकडं बघितलं, की बाई आता सुरू करतील. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. शेवटी तिनंच सांगितलं. पूर, गाळ, बाभळी, मगरी.

सभागृहातला कोरडा वर्ग मात्र चालू आहे. 'घास घालवला' म्हणणारी ती बाई वर्ग सोडून गेली होती. मध्यंतरी एक दिवस दारात उभी. एकटी नव्हती, तिची मुलगी बरोबर होती, नववी-दहावीतली. म्हणाली, "हिला घ्या." का, कशासाठी, काही नाही. मी विचारलंही नाही. हिला बघून आणखी दोघी आल्या. आता बाकांवर पोरीच जास्त असतात. त्यांचे हात सुरेख बसलेत. श्वास कधी घ्यायचा, मान कुठं वळवायची, सगळं येतं. फक्त पाणी नाही. अशा किती पोरी मी तयार केल्यात, ज्यांनी टँकमध्ये पाय घातलेला नाही! कधीकधी काठी वाजवता वाजवता माझा हात थांबतो. आपण हे काय करतोय असं वाटतं. मग एखादी पोरगी मान वर करून विचारते, "बाई, थांबायचं का?" आणि मी पुन्हा ताल धरते.

अक्का आता खाटेवर आहेत. गुडघ्यांचं ऑपरेशन हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सून चांगली आहे, सगळं करते. मी रोज दुपारी वर्ग सुटला की तशीच त्यांच्याकडं जाते. राग कधी गेला ते मला कळलं नाही, पण तो घेऊन इतका लांबचा रस्ता चालवेना, हेही एक कारण आहे.

एकदा मी विचारलंच. "अक्का, त्या दिवशी व्हय म्हनला असता, तर आज चालला असता पाण्यात. वाटतं का कदी?"

मला वाटलं, नाही म्हणतील. फौजीची बायको, ठसक्यात काहीतरी बोलतील.

"वाटतं की," अक्का म्हणाल्या. "रोज वाटतं. रातच्याला कूस बदलताना तर लय वाटतं." मग माझ्याकडं मान वळवून म्हणाल्या, "पर त्या पोरी येत्यात न्हवं तुझ्याकडं?"

"येत्यात."

"मग बास."

यानंतर आमचा सराव. सांधे अगदी धरू नयेत म्हणून डॉक्टरांनी पाय हलवायला सांगितलंय, पण नुसते पाय हलवायचा अक्कांना कंटाळा. त्यांना पोहायचं असतं. त्या उताण्या पडतात, मी टाचांखाली हात देते, आणि पाठीवरचं पोहणं चालू होतं. गुडघ्यातून नाही, मांडीपासून. अंग सैल. मान पाण्यावर सोडलेली. त्या डोळे मिटून घेतात आणि विचारतात, "पानी कुठवर हाय?" मी सांगते, "कमरंपतुर." रोज हेच सांगते, कारण टँकमध्ये त्यांचं दुखणं तिथंच थांबायचं. त्यांचा चेहरा जरा सैल होतो. निदान मला तसं वाटतं.

परवा असंच विचारलं आणि मी असंच सांगितलं. तर त्यांनी डोळे उघडले.

"कमरंपतुर सांगू नगंस गं," म्हणाल्या. "खोल सांग."

माझ्या हातात त्यांच्या टाचा होत्या, वाळलेल्या, हलक्या. मी म्हणाले, "पाय टेकत न्हाईत, अक्का."

"आता कसं!" त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून पाय मारू लागल्या.